हिरवी तार

माझ्या केंद्रात तीन संगणक आहेत. दोन नवे, पातळ, आवाज न करणारे. आणि तिसरा हा काळा डबा, ज्याच्या कुशीवर पांढऱ्या ऑइल पेंटनं अण्णांचं नाव, फौजेतला नंबर आणि हुद्दा लिहिलेला आहे. फॉर्म भरायला आलेली पोरं विचारतात, "ताई, ह्यो मिलिट्रीचा हाय का?" मी व्हय म्हणते आणि त्यांचं आधार कार्ड मागते. त्यापुढं बोलायचा आताशा कंटाळा येतो. दिवसभर उत्पन्नाचे दाखले, सातबारे, पासवर्ड विसरलेली माणसं आणि न उघडणाऱ्या वेबसाइटी. संध्याकाळी मान लाकडासारखी होते. पण या डब्याची हकिगत कुठंतरी लिहून ठेवायला हवी. ती पुरती ठाऊक असलेले आता आम्ही दोघंच उरलोय, मी आणि माझा धाकटा भाऊ दत्तू, आणि दत्तू तिच्याबद्दल बोलत नाही.

आमचं घर पलूसच्या बाहेर, ऊस आणि द्राक्षं यांच्या मधल्या पट्ट्यात. अण्णा सुभेदार होऊन रिटायर झाले आणि पलटण संपली हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा नंबर असे. काळी ट्रंक, बादल्या, फावडं, आईचं शिलाई मशीन, इतकंच काय, तुळशीला पाणी घालायच्या तांब्याच्या बुडालासुद्धा. आई म्हणायची, "एक मीच राहिलीया, माझ्या बी कपाळावर लिवा." अण्णा हसायचे नाहीत, पण त्यांच्या मिशा हलायच्या. संगणक आला तो फौजी कँटीनमधून, खोक्यात बंद, तयार जोडलेला. आईनं त्याला ओवाळलं, मला आणि दत्तूला दूर उभं केलं आणि अण्णांनी गॅरंटीचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचला. डब्याच्या मागं एका स्क्रूवर नखाएवढं कागदी सील चिकटवलेलं होतं. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे तुटलं की जबाबदारी आपली. मुदत संपंस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई." मग पेंटचा डबा आणि बारीक ब्रश आला आणि डबा आमच्या पलटणीत भरती झाला.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडं वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते. उसाचं पाचट पेटलं की काळे धागे सरळ स्वयंपाकघरात येऊन आमटीत उतरतात. म्हणून आईनं अण्णांच्या जुन्या किटबॅगचं कापड उसवून त्या डब्याला अंगरखा शिवला, समोर दोन गुंड्यांसकट. मशीन सुरू करायचं म्हणजे आधी गुंड्या काढायच्या. सकाळचे आवाज मला अजून पाठ आहेत. अंधारात अण्णांची शिट्टी, दत्तूच्या बुटांची फुफाट्यातली धप धप, मग चुलीपाशी आईची भाकरी थापायची लय, आणि उजाडताना गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर. दत्तू बारावीत गेल्यापासून अण्णा त्याला रोज पळवायचे. पळून आला की वाटीभर भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे आणि दूध. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, तेव्हा टायपिंगच्या क्लासात शिकवायला लागले होते. माझ्या वाट्याला खर्डा-भाकरी. ह्याचं मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं असं मी आजवर सांगत आले. वाटायचं. घरात सगळं दत्तूच्या भरतीभोवती फिरायचं, आणि मी त्या घरात होते एवढंच.

तरी दत्तूवर राग धरता येत नसे, इतका तो गरीब होता. पळून, अभ्यास करून दिवसाकाठी एक तास त्याला मशीनवर गेम खेळायची सूट होती. गावातली चार-पाच पोरं आपापल्या घरून इंटरनेटवर एकत्र येऊन बंदुकीचा एक गेम खेळायची. दोन टोळ्या. आपल्या माणसाच्या डोक्यावर नाव हिरव्या अक्षरांत, शत्रूच्या डोक्यावर लाल. आमच्या मशीनवर तो गेम रडतखडत चाले, चित्र अडकायचं, माणसं धुक्यातून आल्यासारखी दिसायची. आणि दत्तू हमखास आपल्याच माणसाला गोळी घालायचा. पोरांनी त्याचं नाव घरभेद्या ठेवलं होतं. चौकातनं गेला की कुणीतरी ओरडायचं, "सुभेदाराचं घरभेदी आलं रं!" तो हसून न्यायचा आणि घरी आला की जेवायचा नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "माझी चूक न्हाई ताई. आपलं मशीन साधं हाय, त्यात रंग नीट येत न्हाईत. ग्राफिक्सचं कार्ड टाकलं की सगळं स्वच्छ दिसंल." त्यानं हे इतक्या खात्रीनं सांगितलं की मला ते पटलं. त्याला स्वतःला तर पटलेलंच होतं.

मग आम्ही दोघं त्या मशीनच्या मागं लागलो. नवं घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा आहे तेच वाढवायचं. माझा क्लासातला पगार, दत्तूला मामांनी दिलेलं बक्षीस, आणि सांगलीच्या मगदूमकाकांचं दुकान. मगदूमकाका जुन्या सामानाचे व्यापारी. गळ्यात चष्मा लोंबतोय, मागं महावीरांचा फोटो आणि सगळीकडं उघडी मशीनं, अशा बोळात ते बसायचे. आमची यादी पाहून म्हणाले, "कार्ड देतो, मेमरी देतो. पण बाळांनो, कंपनीच्या तयार डब्यात पॉवर सप्लाय लहान असतोय. ह्ये कार्ड त्याच्यानं ओढायचं न्हाई. बैल बदलल्याबिगर नांगर मोठा घेऊन उपेग न्हाई." म्हणून जुना पण दणकट सप्लायही घेतला. त्या वेळी दुकानात वीज गेलेली होती, तपासून देता येईना. काकांनी तोंडी सांगितलं: सप्लायच्या रुंद प्लगात वीसेक तारा असतात, त्यातली हिरवी आणि कुठलीही एक काळी, यू-पिन वाकवून जोडायची, पंखा फिरला की सप्लाय जिवंत समजायचा. "हिरवी एकच असती. चुकायचं कारणच न्हाई," ते म्हणाले.

अण्णांची परवानगी मिळेपर्यंत सामान खोक्यात पडून राहिलं. गॅरंटीची मुदत कधी संपते ते त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं होतं. त्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले, सील स्वतःच्या नखानं काढलं आणि स्क्रू ड्रायव्हर दत्तूच्या हातात दिला. "आता जबाबदारी तुझी. काय लागलं सवरलं तर इचार." दत्तूनं जवळजवळ सॅल्यूटच ठोकला. मी क्लासला गेले. दुपारी परतले तर तो पायरीवर बसलेला. "ताई, सप्लाय मेलाय. दहादा पिन लावली, पंखा हालंना. फसवलं त्या म्हाताऱ्यानं आपल्याला." संतापानं त्याचे कान लाल झाले होते. रविवारी आम्ही सप्लाय पिशवीत घालून परत सांगली गाठली.

आम्ही पोचलो तेव्हा मगदूमकाका जेवणाचा डबा उघडून बसले होते. दिवस मावळायच्या आत जेवणारं माणूस ते. दत्तूनं पिशवी टेबलावर आपटली आणि बोलू नये ते बोलला. काकांनी शांतपणे घास संपवला, हात धुतले, सप्लायला वायर लावली, पिन वाकवली. पंखा भर्रकन फिरला. "फिरतोय की रं."

"आमच्या घरी न्हाई फिरला."

"मग तू लाव. माझ्या म्होरं लाव."

दत्तूनं पिन घेतली, तारांवर वाकून पाहिलं आणि लावली. काहीच झालं नाही. मी शेजारीच होते. पिनेचं एक टोक काळ्या तारेच्या भोकात होतं आणि दुसरं लालच्या. मला हसू आलं. मी म्हणाले, "आरं खुळ्या, लाल कशाला धरलीस? हिरवी ही काय!" दत्तू माझ्याकडं बघतच राहिला. मगदूमकाका मात्र हसले नाहीत. त्यांनी वीज बंद केली, तारांचा झुबका वर्तमानपत्रावर पसरला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "ह्यातली हिरवी दाव." दत्तूनं वेळ लावून एका तारेवर बोट ठेवलं. लाल. "बरं. आता लाल दाव." त्यानं पुन्हा सगळ्या तारा चाळल्या, आणि बोट परत त्याच तारेपाशी येऊन थांबलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं याचं मला आजही बरं वाटतं.

काकांनी त्याच्या बारीक कापलेल्या केसांकडं पाहिलं. "भरतीला पळतोयस व्हय?" दत्तूनं मान हलवली. काका म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाचं असंच हाय. रेल्वेत घेतला न्हाई त्याला. डोळं वाईट न्हाईत रं तुझं, लांबचं-जवळचं तुला माझ्यापेक्षा बरं दिसत आसंल. नुसतं ह्ये दोन रंग तुला एकासारखं एक दिसत्यात." मग त्यांनी सप्लाय पुन्हा पिशवीत घातला आणि उरलेल्या डब्यातली पोळीची सुरळी करून दत्तूला दिली. त्यानं ती हातात तशीच धरली, एसटी तासगावला येईपर्यंत.

तासगावच्या पुढं दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू झाल्या तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "म्हंजे कार्ड टाकून बी न्हाई दिसणार?"

"न्हाई रं."

पलूस जवळ आल्यावर म्हणाला, "ताई, अण्णांना सांगू नगंस." आणि मी न्हाई सांगत म्हणाले.

त्याच वेळी सांगायला हवं होतं हे कळण्याइतकी मी मोठी होते. पण पहाटे शिट्टी घेऊन दारात उभे राहणारे अण्णा डोळ्यापुढं यायचे. फौजेतून आल्यावर त्यांना दुसरं कामच उरलं नव्हतं. दत्तूच्या धावेची वेळ दोन सेकंदांनी कमी झाली की ते त्या दिवशी आईशी चार वाक्यं जास्त बोलत. ते सुख माझ्या तोंडून मोडायची माझ्यात हिंमत नव्हती. मशीन आम्ही पुरं केलं. सप्लायची भोकं डब्याच्या भोकांशी जुळेनात, म्हणून पत्रा हॅक्सॉनं कापला, तोही अण्णांच्या नंबराला धक्का न लावता. झाकण पुन्हा कधीच नीट बसलं नाही. पण मशीन काय चाललं! गेममधलं पाणी हलताना दिसायला लागलं, भिंतीवरचं शेवाळ दिसायला लागलं. दत्तू म्हणाला, "लय झकास दिसतंय, ताई." आणि पाचव्या मिनिटाला त्यानं आपल्याच माणसाला गोळी घातली. त्यानं हळूच गेम बंद केला. पुढं तो एकट्यानं मोटारी पळवायचा गेम खेळायचा.

भरती साताऱ्याला होती. पळण्यात तो निघणार यात शंका नव्हती; प्रश्न मेडिकलचा. तिथं रंगीत ठिपक्यांची पानं दाखवतात, ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. मी ती पानं इंटरनेटवरून उतरवली आणि त्या झकास दिसणाऱ्या मशीनवर रोज दुपारी दत्तूकडून पाठ करून घेऊ लागले. पहिलं पान बारा, ते सगळ्यांनाच दिसतं. पुढचं आठ, त्याच्या पुढचं एकोणतीस. पाढे म्हणावेत तसा तो म्हणायचा. चोरी करतोय असं वाटायचं नाही, अभ्यास करतोय असंच वाटायचं. आई विचारी, "काय रं हे?" तर दत्तू म्हणे, "परीक्षेचं हाय." महिनाभर हे चाललं.

एका दुपारी असंच बसलो होतो. बाहेर काजळी पडत होती म्हणून आईनं मला कपडे काढायला हाक मारली. मी उठता उठता बटण दाबलं, ते दोनदा दाबलं गेलं आणि एक पान जास्तीचं पुढं सरकलं. दत्तूनं नेहमीच्या क्रमानं म्हटलं, "आठ."

"एकोणतीस हाय ते." आवाज मागून आला. अण्णा दारात उभे होते, हातात चहाचा पेला.

अण्णांनी स्टूल ओढलं, पडद्याजवळ बसले आणि बोटानं आकडा गिरवला. "हे दोन. हे नऊ. दिसत न्हाई?"

"न्हाई, अण्णा."

"म्होरचं लाव." मी लावलं. ते आकडा वाचायचे आणि दत्तूकडं पाहायचे. दत्तू न्हाई म्हणायचा. सगळी पानं त्यांनी अशी पुरी केली. चहावर साय धरली. शेवटी मला म्हणाले, "तुला कवापासनं ठावं हाय?"

मी म्हणाले, "आजच कळलं." दत्तूनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाचवायला तोही गप्प राहिला. हे खोटं मी पुढं कधीच दुरुस्त केलं नाही, आणि पुढं अण्णा वारलेसुद्धा.

मला वाटलं होतं, आता पेला भिंतीवर बसणार. अण्णांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "टोमॅटो." आम्हाला कळेना. "तू सातवीत व्हतास. बाजारच्या दिवशी टोमॅटो तोडाय लावलं व्हतं. निम्मं कच्चं तोडून आणलंस. मी चाबकाच्या काठीनं मारलं तुला. कामचुकार म्हणालो." दत्तू म्हणाला, "असू द्या की, अण्णा." अण्णा उठून बाहेर गेले आणि अंधार पडेपर्यंत मळ्यात त्याच वाफ्याच्या कडेला उभे होते. आईनं दोनदा बोलवायला पाठवलं, तरी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी वाजली नाही. दत्तू बूट बांधून दारात बसून राहिला. अण्णा येऊन म्हणाले, "पाठ करून आत गेलास, तरी फायरिंगच्या रेंजवर लाल झेंडी वर हाय का हिरवी, ते पाठ करता येतंय व्हय? झेंडीच्या म्होरं माणसं असत्यात. न्हाई जायचं." मग गावात त्यांनी सांगितलं की पोरगा जायला तयार होता, मीच पाठवला नाही. सुभेदार असून पोराला पदराखाली झाकतो, असं लोक तोंडावर बोलले. पारावरची त्यांची बैठक सुटली. त्यांनी एका शब्दानं खुलासा केला नाही आणि आम्हालाही करू दिला नाही.

दत्तू पुढं पुण्याला गेला, एका गोदामात कामाला लागला, तिथंच लग्न झालं, पोरं झाली. सुखी आहे का, मी विचारत नाही. फोनवर आम्ही पाऊस आणि आईची औषधं यावर बोलतो. मी इथंच राहिले आणि फॉर्म भरत गेले. भरतीचा फॉर्म भरायला पोरगं आलं की सबमिटचं बटण दाबायच्या आधी मी टेबलाच्या खणातनं तारांचा एक झुबका काढते आणि म्हणते, "ह्यातली हिरवी दाव." पोरं एकमेकांकडं बघून हसतात, ताईचं डोकं फिरलंय म्हणतात. बहुतेक जण पटकन दाखवतात. तिघांना आजवर दाखवता आली नाही. तिघांच्या बापांना मी त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर बसवून सांगितलं. एकानं मला शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या.

गेल्या हंगामात तो काळा डबा सारखा बंद पडायला लागला. दत्तू सुट्टीला आलेला होता. म्हणाला, "काजळी भरली आसंल, उघड बघू." त्याचं झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर लागतच नाही. आत बोटभर काळी धूळ. मी रंगाऱ्याच्या ब्रशनं ती झाडत होते आणि खालून कागदाचे तुकडे दिसायला लागले. प्रत्येक तारेला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे कातरलेली, ट्रंकेवर लिहायचे त्याच अक्षरात: लाल, काळी, पिवळी, नारिंगी. हे अण्णांनी कधी केलं आणि तारांची गोष्ट त्यांना कुणी सांगितली, आम्हाला माहीत नाही. आम्ही दोघंही घरी नसताना, चष्मा लावून, एकेक तार धरून केलं असणार. दत्तू खाली बसला. धुळीत बोट घालून तो एकेक चिठ्ठी वाचत गेला, आणि एका चिठ्ठीपाशी थांबला. मी वाकून पाहिलं. बाकी चिठ्ठ्यांवर एकेकच शब्द होता. ह्या एकीवर लिहिलं होतं: हिरवी. आणि त्याखाली, दोनदा रेघ मारून: हीच ती, दत्तू.